मी न पाहिलेली गाडी

"हात लावून तर बघ! आमाला मुंडून, गाडीत कोंबून कुठं न्यायचं चाललंय ते ठावं हाय आमाला! आमी काय मेंढरं हाय व्हय?"

कौसाबाई ओरडत होती. दौंड स्टेशनाबाहेर, माझ्या चहाच्या टपरीसमोर, भर संध्याकाळी. आवाज असा की फलाटावरची घोषणा ऐकू येईना. सुटायला निघालेली गाडीसुद्धा बिचकून जागेवर थांबली — बरं, सिग्नल नव्हता म्हणून थांबली असेल. समोर बेघरांसाठीच्या निवाऱ्यात काम करणारी पोरगी उभी होती, गळ्यात ओळखपत्र, काखेत दोन ब्लँकेटं. रडकुंडीला आलेली.

"मावशी, अहो गाडी कसली? चालत दहा मिनिटांवर आहे. खाट आहे, गरम पाणी आहे..."

"गरम पानी! डोकी भादरायलाच ना?"

लोक हसले. पोरगी ब्लँकेटं घेऊन परत गेली. आणि मी? मी किटलीमागं मान घालून एकदा गाळलेला चहा पुन्हा गाळत होतो. कारण डोकी भादरायच्या गरम पाण्याचं ते वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझं.

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, देवाजवळही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या टपरीवर येत नाही.

आधी मी कोण ते ऐका. मी थापाड्या. माझा चहा घेतलेला माणूस सोलापूर येईपर्यंत पापणी मिटत नाही, असं मी सांगतो. भीमेच्या पुरात म्हशीचं शेपूट धरून मी प्रवाहाच्या उलट वर गेलो, हेही सांगतो. लोक हसतात, आणखी एक कटिंग मागतात. या धंद्यात मला वरचढ असा एकच माणूस — आप्पा. जुना हमाल, आता कौसाबाईच्या गोतावळ्यातला. मी म्हैस सांगितली की तो शांतपणे म्हणायचा, "ती म्हस माजीच व्हती. मी पाठीवर बसलेलो. तू मागं लोंबकळत व्हतास, तुला कसा दिसनार?"

आणि कौसाबाई — तिच्याबद्दल मात्र थाप मारायची गरजच पडत नाही. कागदावर तिला बेघर म्हणतात. अहो, रोज दिवेलागणीला ती माझ्या टपरीच्या पत्र्याखाली घर मांडायची! पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अंथरायची, तोही पालथा. "ह्याचं तोंड बघून झोप येत न्हाई," म्हणायची. भिंतीकडं बाया, मग म्हातारे, कडेला धडधाकट गडी. दारू पिऊन आलेल्याची जागा सगळ्यात बाहेर, रस्त्याकडं पाय करून. तीन विटांवर भात शिजायचा. शिरूरच्या बाजारात कांद्याचं काम संपलं की तिथली माणसं यायची. न्हावरे गावाकडून ऊसतोडीच्या मुकादमाशी भांडून निघालेली जोडपी यायची. कुणी चुकीच्या गाडीतून उतरलेलं, कुणी घरच्यांनीच उतरवून दिलेलं. नाव, गाव, जात — ती काहीसुद्धा विचारायची नाही. एकच प्रश्न, "जेवलास का?" भरल्या घरातली माणसं आपण — कितीजण दारात आलेल्याला हे आधी विचारतो?

आणि पत्र्याखाली ही माणसं झोपलेली असल्यामुळं माझी टपरी शाबूत होती. ताडपत्री आणि सुतळी, एवढंच माझं कुलूप. आत सिलिंडर, शेगडी, बिस्किटांच्या बरण्या. एकदा तीन चोर आले — बरं, एकच होता — तर कौसाबाईनं त्याला चपलेनं असा धुतला की तो स्वतःच पोलीस चौकीत जाऊन बसला. राखणीचं तिनं कधी काही मागितलं नाही. मीही कधी काही देऊ केलं नाही.

मग गावात निवारा निघाला. खाटा, पंखे, संडास, दारावर पहाऱ्याला बाई. पोरगी येऊन सांगून गेली, तशी कौसाबाई हरखली. "बाळू, खाट म्हनं! पाठीला कवा खाट लागली ते आठवत न्हाई बघ."

मला काय वाटलं असेल? आनंद? — मी सिलिंडरकडं पाहिलं.

आणि सुरू झालो. "मावशी, खाट दिसते, पण गाडी दिसत नाही. पहाटे पांढरी गाडी येते. आधी गरम पाणी, डोकी भादरतात, अंगठा घेतात. मग काचा काळ्या, आणि थेट भिकाऱ्यांच्या कोठडीत. गेलेला माणूस परत आलेला कुणी पाहिलाय?" कुणी पाहिला नव्हता, कारण कुणी गेलंच नव्हतं. गोष्ट रंगली. आप्पासुद्धा म्हणाला, "ही तुजी चांगली हाय."

म्हणून त्या संध्याकाळी ती ओरडली. नंतर ती पोरगी एकटीच चहाला आली. म्हणाली, "काका, खाटा रिकाम्या आणि माणसं फुटपाथवर. कळतच नाही हो, असं का?" मी काय सांगावं? म्हणालो, "मॅडम, या लोकांना मोकळ्या हवेची सवय असते." तिनं मान डोलावली. पुढं हेच वाक्य मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं.

पण मी अजून मुद्द्यावर आलेलो नाही. तुमच्या लक्षात आलं असेल, मी फेऱ्या मारतोय. एवढं असतं तर थाप म्हणून सोडून देता आलं असतं.

थंडी पडली. भीमेवरून येणारं वारं कानात सुई घातल्यासारखं. एका सकाळी टपरीवर कुणी नसताना कौसाबाई आली. ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "बाळू, गंमत ऱ्हाऊ दे बाजूला. आप्पाची छाती वाजतीया. त्याला तिथं न्यावं म्हंते. ती गाडी तू खरंच पाहिलीस का?"

इथं मी काही वाढवून सांगत नाही. समोर ऐकायला कुणी नव्हतं, हसायला कुणी नव्हतं. खोटं बोलायला रंग भरायचं निमित्तही नव्हतं. एक 'नाही' म्हणायचं होतं. थाप मारताना मला हसू आवरत नाही, हे तिला ठाऊक होतं. ती माझ्या तोंडाकडंच बघत होती. त्या दिवशी मी हसलो नाही.

"मावशी, या डोळ्यांनी पाहिली."

तिनं मान हलवली आणि निघाली. वर मी तिच्या हातात आप्पासाठी फुकटचा चहा दिला — आणि खरं सांगू? त्याचं मला बरंही वाटलं.

मग तिनं सगळ्यांच्या चादरी आप्पावर घातल्या. स्वतः वाऱ्याकडं पाठ करून, त्याला आडोसा होऊन बसली. अशा किती रात्री बसली? मी मोजायला तिथं नव्हतो, घरी रजईत होतो. शेवटी एका दुपारी आप्पाला हमालाच्या हातगाडीवर घालून, स्वतः ढकलत, तिनं सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत रिक्षावाल्यांना दरडावत गेली. आप्पा वाचला. तिनं वाचवला. पण आता त्याला एका वाक्यात दोनदा थांबावं लागतं. मी म्हशीची गोष्ट काढली की तो तोंड उघडतो, "ती म्हस —" म्हणतो, आणि पुढं दम पुरत नाही. मग हातानंच 'जाऊ दे' करतो.

तरी मी गप्पच राहिलो. पुढची थंडी आली.

यंदा एका संध्याकाळी शिरूरहून एक जोडपं आलं, कांद्याच्या कामावरचं. बाईच्या कडेला तान्हं लेकरू. कौसाबाईनं "जेवलात का?" विचारलं, जागा दिली. चहा पिता पिता गडी सांगू लागला, "तिकडं शिरूरला कुनी म्हनलं निवाऱ्यात जा, तर आमी न्हाई बा. पांढरी गाडी येती. दौंडात एका च्यावाल्यानं पाहिलीय. त्याची सवताची किडनीबी काढली त्येंनी!"

माझी गोष्ट एसटीत बसून शिरूरला गेली होती आणि माझी किडनी घालवून परत आली होती. एरवी मी पोट धरून हसलो असतो. पण ती बाई लेकराला फ्लेक्सवर निजवत होती, आणि आप्पा खोकत होता.

मी गॅस बंद केला. म्हणालो, "गाडी नाही. कधीच नव्हती. मी पाहिली नाही. आप्पाच्या वेळेला मावशीला सांगितलं तेही खोटंच होतं." का खोटं बोललो, ते मी सांगितलं नाही.

मी शिव्यांची वाट बघत होतो. चपलेचीसुद्धा. कौसाबाईनं फ्लेक्स गुंडाळायला लावला. लेकरू स्वतःच्या खांद्यावर घेतलं, दुसरा हात आप्पाच्या काखेत घातला, आणि सगळ्यांना निवाऱ्याच्या रस्त्यानं पुढं काढलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आजपास्नं राखनीला दुसरं कुनीतरी बघ."