पहिल्या ओटीचा मान

साताऱ्याच्या कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत मी कृत्रिम पेशी बनवते. नाव मोठं, काम एवढंसं. अंड्याच्या बलकातली चरबी पाण्यात सोडली की तिचे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे फुगे होतात. त्यांत डीएनएचा तुकडा आणि प्रथिनं बनवायची सामग्री भरायची. मग ते फुगे हिरवं चमकणारं एक प्रथिन बनवतात आणि संध्याकाळपर्यंत थकून थांबतात. ते वाढत नाहीत, त्यांना पिल्लं होत नाहीत. वर्गात हे सांगताना माझी जीभ अजून अडखळते. मला मूल नाही.

जतकडच्या सासरी डोहाळजेवण असलं की मला जेवायच्या वेळेचा निरोप यायचा. तोवर लेकुरवाळ्यांनी ओट्या भरलेल्या असायच्या. मोठ्या जाऊबाई वाढताना आग्रह करायच्या, मीही मुकाट दुसरी पोळी घ्यायची.

यंदा पेपरात मथळा आला, 'साताऱ्याच्या प्राध्यापिकेने घडवला जीव'. लगेच जाऊबाईंचा फोन आला.

"आमच्या सूनंची पयली वटी तूच भरायची. जीव घडवनारा हात हाय तुजा."

मी "बरं" म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. वर दुकानदाराला सगळे खण उलगडायला लावून त्यातला हिरवा निवडला. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

सून पाटावर बसली होती. बायकांनी सरकून मला वाट दिली. तिच्या पदरात नारळ ठेवायला वाकले. तिच्या कानाशी म्हणाले, "पोरी, त्यात जीव नाही गं. नुसते फुगे आहेत."

ती पदर सावरत पुटपुटली, "ठावं हाय काकी. बातमीच्या शेवटी लिवलंय की. सासूबाईंना मीच वाचून दावली, तेवढं वाक्य गाळलं. न्हाईतर तुमाला परत जेवायलाच बोलवलं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते वाक्य मीच बातमीदाराला आग्रहानं घालायला लावलं होतं, आणि फोनवर मीही तेच गाळलं. तिनं माझ्यासाठी गाळलं होतं. मी मानासाठी. खाली बघतच मी तांदळाची ओंजळ सोडली, कुंकू लावलं.

मागून जाऊबाई म्हणाल्या, "आता बारशालाबी पयली तूच."

मी "बरं" म्हणाले.