परदेशी चॉकलेटचा डबा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही.

शिरूर कासारकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात मी केमिस्ट होतो. दुष्काळाचं दुसरं वर्ष, कारखाना बंद. वार्षिक सभेत अध्यक्षांनी परदेशी चॉकलेटचा डबा उंच धरला. सरकारनं आयात शुल्क उतरवलं, बाहेरची साखर आपल्या मुळावर आली. शुल्क वाढू द्या, दुसऱ्या दिवशी धुराडं पेटवतो, म्हणाले. गावाला पाणी टँकरचं, पण गळ्यातला हार टवटवीत. भाषण मी लिहिलेलं. सभेनंतर तो शत्रू आम्ही मंडपामागं वाटून खाल्ला.

पण ते सोडा — भाषणं काय, कुणीही लिहितं.

मिलचे रोलर दुरुस्तीला म्हणून गेले ते परत आलेच नव्हते. शुल्क आभाळाला टेकलं असतं तरी ऊस गाळायचा कशानं? हे आम्हा चारपाच जणांनाच ठाऊक. कारखान्याची निवडणूक होईपर्यंत तोंड उघडायचं नव्हतं. उघडलं तर नोकरी, क्वार्टर — दोन्ही गेलं. मग जायचं कुठं?

आमच्याकडं धुणीभांडी करणारी कांताबाई दरसाल नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. दिवाळीनंतर लेकीला घेऊन दारात आली.

"साहेब, तुमी पेपर वाचता. मुकादमाची गाडी उद्या कर्नाटकात चाललीय. गेलो तर सुनीला मावशीकडं ठिवावं लागंल, दहावी हाय तिची. हितला कारखाना सुरू व्हनार आसंल तर न्हाई जात. जाऊ का थांबू?"

एका शब्दाचं काम होतं. मी तिला आयात शुल्क समजावून सांगितलं. बराच वेळ. तिला कळत नव्हतं, ती मान हलवत होती आणि मला — हे लिहिणं जड जातंय — ते आवडत होतं. शेवटी म्हणालो, "थांब." त्या डब्यातलं माझ्या वाट्याचं एक चॉकलेट उरलं होतं, ते सुनीच्या हातावर ठेवलं.

संक्रांतीपर्यंत थांबले. तोवर टोळ्या भरलेल्या. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उशिरा आलेल्या जोडप्याला कोण घेणार? एक मुकादम कबूल झाला — दीड कोयता असेल तर. अर्धा कोयता म्हणजे सुनी.

निघताना कांताबाई मला म्हणाली, "तुमी तरी काय करनार साहेब. सरकारनंच घात केला."

मी "हो" म्हणालो.

सुनी परत शाळेत गेली नाही. क्वार्टर पुढं अकरा वर्षं माझ्याकडं होती.