ओवाळलेली नोट

तिनं नोट नातीच्या डोक्यावरून तीनदा फिरवली आणि माझ्या ट्रंपेटच्या भोंग्यात कोंबली.

मी वाजवत होतो. सूर वरच्या पट्टीत चढला होता. तो मधेच गुदमरला. घास घशात अडकल्यावर माणसाचा होतो तसा आवाज निघाला आणि आजूबाजूची कॉलेजातली पोरं हसली. गुडगावातला नवा मॉल. रविवारची संध्याकाळ. काचेच्या भिंतीपुढं मी उभा, पायाशी ट्रंपेटची उघडी पेटी, पेटीत लोकांनी टाकलेली चिल्लर आणि नोटा. पेटी तिला दिसत होती. तिला पेटीत टाकता आली असती.

मग ती शेजारी उभ्या आपल्या मुलाला म्हणाली, "झालं. आता जाऊ दे याच्यावर."

मराठीत म्हणाली.

दिल्लीत मराठी ही समोरच्याच्या तोंडावर गुपचूप बोलायची भाषा आहे. आम्हीही तेच करायचो. करोल बागेत साडी बघताना आई दुकानदाराकडे बघून गोड हसायची आणि आम्हाला म्हणायची, "उठा रे, लुटतोय हा." पुन्हा त्याला, "अच्छा भैया, फिर आएँगे." त्याला काही कळायचं नाही. समोरचा माणूस म्हणजे भिंत. त्या रविवारी भिंत मी होतो.

सून दबक्या आवाजात म्हणाली, "आई, हळू बोला ना."

"त्याला काय कळतंय? यूपी-बिहारचा असेल कुठला तरी. पोरीचा ताप हटत नाहीये. उतरवलेलं कुणावर तरी जायला नको का?"

सुनेच्या खांद्यावर ती पोर मान टाकून पडली होती. ओठ सुकलेले. डोळे अर्धवट मिटलेले. दृष्ट काढायची तर मराठी घरात मीठ-मोहऱ्या असतात. पण इतकी वर्षं दिल्लीत काढून या बाईनं पंजाबी लग्नांतली रीत उचलली होती. नोट ओवाळायची आणि बँडवाल्याला द्यायची. नोट त्याची, पीडा पण त्याची.

मी काय केलं? नोट बाहेर काढली, पेटीत ठेवली आणि ट्रंपेट पुन्हा ओठाला लावलं. खरं तेच सांगतो. हाताला सवय होती.

ती सवय लग्नाच्या बँडमधली. सरकारी शाळेत बँड होता, तिथं ट्रंपेट शिकलो. पोलिसांच्या बँडसाठी परीक्षा दिली, निवड झाली नाही. मग लग्नाच्या बँडमध्ये गेलो. लाल कोट, खोटी जर, दुसऱ्याच्या घामाचा वास येणारी टोपी. वऱ्हाडी दारू पिऊन नाचायचे, नवऱ्या मुलावरून नोटा ओवाळायचे, आमच्या कॉलरमध्ये, खिशात, भोंग्यात खुपसायचे. कुणी नोट दातात धरून वाकायचा आणि म्हणायचा, मुँह से ले. रात्री सगळ्या नोटा मालकाकडे जमा. मला ते सहन होईना. मी कोट परत केला, स्वतःचं जुनं ट्रंपेट घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी गुडगावला जाऊन रस्त्यावर वाजवायला लागलो. काय वाजवायचं ते मी ठरवणार. थांबायचं कधी ते मी ठरवणार. टोपी नाही, कोट नाही.

गुडगाव तेव्हा नुसतं उगवत होतं. काचेचे टॉवर, आणि टॉवरच्या दारात गटाराचं पाणी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण मला ते आवडायचं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवलेली माणसं थांबायची, ऐकायची, टाळ्या वाजवायची. कुणी विचारायचं नाही कुठला, कुणाचा. मला वाटायचं, ही नवी जागा आहे. इथं जुनं काही नसणार.

मी पुन्हा वाजवायला लागलो तेव्हा त्या बाईचा मुलगा जायचा थांबला. चांगला वाटला माणूस. टी-शर्ट, बारीक दाढी. हसत म्हणाला, "भैया, कुछ मराठी आता है? आई के लिए?"

थट्टाच होती. मी डोळे मिटले आणि आई आमच्या झोपण्याच्या वेळी गुणगुणायची ती अंगाई वाजवली. अगदी हळू. भोंग्यापुढं तळहात धरून. खांद्यावरच्या पोरीनं मान उचलली.

म्हातारीचे डोळे भरून आले. "तुमको ये कैसे आता है?"

"मी मराठीच आहे, आजी."

तिचा चेहरा उतरला. लाज वाटली म्हणून नाही. ती घाबरली.

"अरे देवा! आपल्यातलाच निघाला की हा. आणि मी काय करून बसले!" तिनं पेटीकडे हात पुढे केला. "ती नोट दे बघू परत. तुझ्यावर नको जायला, बाळा. ती मी दुसऱ्या कुणाला तरी देते. तुला वेगळी देते, कोरी."

मघापर्यंत भैया होतो, आता बाळा झालो. मुलानं खांद्यावर थाप मारली. कुठं राहतोस? लक्ष्मीबाई नगर? "अरे यार, आमचे काका तिथंच होते की! ते मराठी मंडळात पण असतात अजून." सून हसली. गुडगावच्या त्या फूटपाथवर मला एकदम घर मिळालं. आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. फार बरं वाटलं.

नोट मी पेटीतून उचलली होती. तिला द्यायला हात पुढे केला होता. तेवढ्यात तिनं विचारलं, "आडनाव काय रे तुझं?"

इथं बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा दिल्लीत केंद्र सरकारच्या मंत्रालयात शिपाई म्हणून लागले आणि कारकून म्हणून निवृत्तीला आले होते. दिल्लीला येताना त्यांनी गावाच्या नावाला 'कर' लावून नवं आडनाव घेतलं. गॅझेटात छापून, सगळं रीतसर. जुनं आडनाव ऐकलं की आमच्याकडच्या कुणालाही जात कळते. नव्यावरून काहीच कळत नाही. "इथं आपण फक्त मराठी," बाबा म्हणायचे. "झाकली मूठ सव्वा लाखाची." लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी कॉलनीत मद्रासी, बंगाली, पंजाबी शेजारी. त्यांना आम्ही सगळे सारखेच. मंडळाच्या गणपतीत बाबा तीर्थ-प्रसाद वाटायचे. वर्षानुवर्षं त्यांच्या हातचं तीर्थ लोक ओंजळीत घेत आले. त्या चमचाभर तीर्थासाठी बाबांनी भाऊबंद सोडले होते. गावाला पत्र टाकणंसुद्धा सोडलं होतं.

नवं आडनाव माझ्या जिभेवर होतं. ते सांगितलं असतं तर नोट परत गेली असती. पीडा दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात गेली असती. फुगेवाल्याच्या, झाडूवाल्याच्या. मी सुटलो असतो.

ते सुटणंच मला नको झालं. ती नोट कुणाच्याही हातात बरोबर नव्हती. माझ्या नाही, फुगेवाल्याच्याही नाही.

मी जुनं आडनाव सांगितलं. वर हेही सांगितलं, "आम्ही मांग. आजोबा गावात सनई वाजवायचे."

मुलगा मोबाइल बघायला लागला. आणि म्हातारीच्या चेहऱ्यावरची भीती गेली. अगदी डोळ्यांदेखत गेली. पुढे केलेला हात तिनं मागे घेतला आणि मायेनं म्हणाली,

"अच्छा, अच्छा. मग काही हरकत नाही. ठेव ती नोट. तुम्हाला चालतं."

रागानं म्हणाली असती तर मी भांडलो असतो. तिचा जीव भांड्यात पडला होता. अनोळखी बिहारी समजून टाकलेली पीडा चुकून आपल्यातल्यावर पडली म्हणून ती हादरली होती, आणि आता कळलं की चूक झालीच नव्हती. योग्य जागी पडली होती. आपसूक.

माझे कान तापले. पण आवाज नीट निघाला.

"नाही चालत. घ्या तुमची नोट."

तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

मुलगा म्हणाला, "अरे यार, मनाला नको लावून घेऊस. जुनी माणसं आहेत. आमचा कुणाचा विश्वास नाहीये असल्यावर."

"मग तुम्ही घ्या."

मी नोट त्याच्यापुढं धरली. कंपनीतला माणूस. विश्वास नाही म्हणणारा. त्यानं नोटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हात वर आला नाही. सुनेचाही नाही. तिनं तर पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, माझ्यापासून लांबच्या.

त्या क्षणी माझ्या डोळ्यांवरची झापड उडाली. म्हातारी निदान जे मानत होती ते बोलत होती. ही दोघं बोलत नव्हती. काचेच्या इमारतीत बसून, इंग्रजीत बोलून, गळ्यात ओळखपत्र अडकवूनही नोटेला हात लावायला घाबरत होती. आणि मी ज्याला नवी जागा समजत होतो तिथं ती जुनं सगळं सामान घेऊन आधीच राहायला आली होती.

मी नोट म्हातारीच्या पायाशी ठेवली. म्हणालो, "आजी, पोरीला डॉक्टरकडं न्या. रक्त तपासून घ्या. ताप ओवाळून जात नसतो."

ते नोट ओलांडून गेले. चौघंही. मी सामान आवरलं. नोट तिथंच राहिली.

धौला कुआँपर्यंत बसमध्ये जागा होती तरी बसलो नाही. बसवेना. घरी आलो तर बाबा बातम्या बघत होते. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाबांनी टीव्ही बंद केला. मला वाटलं, म्हणतील शाबास.

"आडनाव का सांगितलंस?"

"पोरीची पीडा माझ्यावर टाकली, बाबा त्यांनी."

"टाकली तर टाकली! तू काय आजारी पडणार होतास? आडनाव का सांगितलंस? ती मंडळातली माणसं आहेत!" त्यांचा आवाज चिरका झाला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबा उठले, गॅलरीत गेले, परत आले, पुन्हा गेले. घरात मी आणि ते, दोघेही नुसते येरझारा घालत होतो. मग ते गॅलरीतूनच, माझ्याकडे पाठ करून बोलायला लागले.

गावात ग्रहण लागलं की त्यांच्या आजोबांबरोबर ते निघायचे. लहान होते. फडकं पसरून गल्लीगल्लीतून ओरडायचं, दे दान, सुटे गिऱ्हाण. चंद्राचं ग्रहण सुटावं म्हणून मांगानं ओरडायचं. लोक लांबून धान्य टाकायचे, जुने कपडे टाकायचे. घरातलं आजारपण, अपशकुन, जे काही नको असेल ते कपड्याबरोबर आमच्या फडक्यात. "एकदा एका बाईनं आजारी पोराच्या अंगातला सदरा काढून आमच्या फडक्यात टाकला. चांगला होता, फाटका नव्हता. सकाळी तोच घालून शाळेत गेलो. तो पोरगा बरा होऊन पुढच्या बाकावर बसला होता. सगळ्या वर्गाला कळलं."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सांगत होते. माझ्या वाजवण्यावर ते कायम का चिडायचे ते मला त्या दिवशी कळलं. मी समजायचो, पक्की नोकरी नाही म्हणून.

मी त्यांची बाजू घ्यावी असं आईला वाटत होतं. मला ती घेता आली नाही. माझा राग गेला नव्हता. त्या सदऱ्याचा राग होता, आणि तो सदरा इतकी वर्षं आमच्यापासून लपवला त्याचाही होता.

बातमी मंडळात पोचायला वेळ लागला नाही. गणपतीच्या आधी सेक्रेटरी घरी आले. नेहमीसारखे हसत आले, चहा मात्र नको म्हणाले. बाबांना म्हणाले, "यंदा प्रसादाचं जरा नव्या पोरांकडे देऊ या. तुम्हाला पण आराम." मग माझ्याकडे वळले. "तू काय सुंदर वाजवतोस म्हणे! आम्हाला पत्ताच नाही. यंदा बाहेरचा बँड नको. मिरवणुकीत पुढं तू. वाजवणं बिल्कुल घरचंच आहे की तुमच्या."

बाबा पायांच्या बोटांकडे बघत होते.

मी म्हणालो, "मिरवणुकीत येतो ना. पण ट्रंपेट आणणार नाही. मूर्ती उचलायला येतो. माझ्या आणि बाबांच्या हातात द्या मूर्ती. चालेल?"

"हां... म्हणजे... कमिटीत विचारून कळवतो."

कळवलं नाही. बाबा त्या वर्षी गणपतीला गेले नाहीत. माझ्याशीही बरेच दिवस बोलले नाहीत. त्यांचं जे गेलं ते माझ्यामुळं गेलं, हे मला माहीत आहे. पण आडनाव कळताच जे हिसकावून घेता येतं, ते त्यांचं कधी नव्हतंच. ते मी त्यांना परत मिळवून देणार नाही. मागायला जाणार नाही, त्यांनाही जाऊ देणार नाही.

गॅझेटात माझं जुनं आडनाव मी परत लावून घेतलं. लग्नाच्या बँडचं बोलावणं आलं तर नाही म्हणतो. गुडगावला जातो, तिथंच, त्याच काचेपुढं. लोक जमले की वाजवण्याआधी मोठ्यानं आडनाव सांगतो. मराठीतून कुजबुज झाली तर मराठीतूनच उत्तर देतो. कुणी पोराबाळावरून नोट फिरवायला लागलं की सूर अर्ध्यात तोडतो आणि ती नोट खिशात जाईपर्यंत सगळ्यांसमोर गप्प उभा राहतो. आवडलं असेल तर पैसे सरळ पेटीत टाकायचे. नसेल आवडलं तर चालू लागायचं. मी इथून हलणार नाही.