देखाव्यातल्या मेंढ्या

बारामती-इंदापूर रस्त्याला लागून आमच्या मेंढ्या चरायचा माळ होता. नव्वद सालाच्या आसपास तो एका बड्या बागायतदाराने घेतला आणि बंगल्याची बाग आखायला पुण्याहून आर्किटेक्ट आणला. बाग म्हणजे वालचंदनगरच्या कॉलनीतली, मेंदीच्या कडांची, फूटपट्टीने आखलेली, एवढीच आमची अक्कल. हा बाबा उलट्या खोपडीचा. बाग कुणी केलीय असं वाटताच कामा नये, म्हणून त्याने माळावरचं होतं नव्हतं ते सगळं उपटलं. सरळ पायवाट इतकी वाकडी केली, की मुकादम सकाळी निघाला तर दुपारी स्वतःलाच समोरून भेटायचा. चांगली दगडी भिंत बांधून घेतली आणि पडकी दिसावी म्हणून गवंडी लावून पाडली. मनासारखी पडेना, तर पुन्हा बांधून पुन्हा पाडली.

आयती पसंत पडली ती एकच गोष्ट, माझ्या वडिलांच्या मेंढ्या.

"तात्या, समोरच्या उतारावर या रोज दिसल्या पाहिजेत. यांच्याशिवाय चित्र पुरं होत नाही," आर्किटेक्ट वडिलांना म्हणाला.

"म्हंजी चारायला मोकळीक हाय न्हवं?" वडिलांनी विचारलं.

"अहो, तुमचीच बाग समजा."

उतार आणि बंगल्यापुढची हिरवळ यांच्यामध्ये त्याने खोल चर खणला. व्हरांड्यातून तो दिसायचा नाही. मेंढ्या हिरवळीवरच आहेत असं वाटायचं, पण त्यांना अलीकडे येता यायचं नाही. बाकीचे माळ केव्हाच उसाखाली गेलेले. हा उतार सुटला तर कळप विकावा लागणार, म्हणून वडील त्या माणसाला देव मानायचे.

धनगराने असे उपकार फेडायचे कसे? आमच्याकडे शेतात रात्रभर मेंढ्या बसवाव्यात म्हणून शेतकरी पाया पडतात, ज्वारी देतात. लेंडीखत म्हणजे सोनं. बागेच्या उद्घाटनाच्या आदल्या सांजेला वडिलांनी चरावर फळ्या टाकल्या आणि अख्खा कळप हिरवळीवर बसवला. फुकट, मानानं.

सकाळी हिरवळीची चकोट हजामत झाली होती आणि वर लेंड्यांचा असा थर, की ट्रॅक्टर रुतावा. वडील शाबासकीची वाट बघत उभे.

"तात्या, हे काय केलंत?" आर्किटेक्ट म्हणाला. "त्या लांबून बघायच्या होत्या."

"आता खताची काळजी न्हाय, सायेब," वडील म्हणाले. अजून हसतच होते.

बागायतदाराने त्याच दिवशी उताराला तारा ठोकल्या. दिवाळीच्या आत सगळा कळप खाटकाकडे गेला.

पण चित्र अपुरं राहून कसं चालेल? आर्किटेक्टने सिमेंटच्या मेंढ्या करवून उतारावर उभ्या केल्या. आमच्या काळ्या होत्या. या पांढऱ्या, हिरव्यावर उठून दिसाव्यात म्हणून. त्यांना चुना लावायला वडिलांनाच ठेवलं. व्हरांड्यात चहा पिणारे पाहुणे म्हणायचे, अगदी खऱ्या वाटतात. वडील बादली घेऊन भर उन्हात त्या मेंढ्यांत उभे असायचे, खांद्यावर घोंगडी टाकून. ती काढायची नाही असं त्यांना बजावलेलं होतं.