फोटोबाईचे चाळीस फोटो

आमच्या इस्पितळात एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नसे. पेशंट यायचे ते "छातीचा फोटो काढायचाय" असंच म्हणत. म्हणून तो काढणारी ती फोटोबाई. मी नवजात बाळांच्या खोलीतली सिस्टर. एकतीस वर्षं आम्ही एकाच इमारतीत काढली, ती तळघरात आणि मी तिसऱ्या मजल्यावर.

माझ्या नाकावर राग, हे सगळं इस्पितळ जाणून होतं. तोंडाचा पट्टा सुरू झाला की मोठे डॉक्टरसुद्धा वाट बदलायचे. फोटोबाई अगदी उलट. दिवसभरात तिची दोनच वाक्यं, "श्वास रोखा" आणि "सोडा". बाकी वेळ ती त्या काळोख्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म धूत उभी. बोटांना औषधाचा वास कायमचा. डबा खाताना मी म्हणायचे, "अगं, हात धू!" ती म्हणायची, "धुतलेत. आता कातडीच बदलायची राहिलीय."

लग्न केलं नाही तिनं. आई अंथरुणाला खिळली होती ती चौदा वर्षं, तिचं सगळं हिनं केलं. एक अक्षर कुरकुर नाही. आई गेली त्याच वर्षी ही निवृत्त झाली आणि आठ दिवसांत जाऊन कॅमेरा घेऊन आली. लांब नळीचा, तान्ह्या पोराएवढ्या वजनाचा. मी म्हटलं, "काय बाई थेरं! साठीला आलीस, आता फोटो कुणाचे काढणार?"

"पाखरांचे," ती म्हणाली. "जन्मभर ज्यांचे काढले ते सगळे विव्हळत होते. आणि पाखरांना श्वास रोखा म्हटलं तरी ती ऐकत नाहीत, ते बरं वाटतं."

तेव्हापासून दर वर्षी आम्ही दोघी समुद्रावर जायचो, दहा दिवस. ती पाखरं बघायची, मी तिला बघायचे. खोटं कशाला बोलू, पाखरांत मला काडीचा रस नव्हता. कावळा आणि चिमणी एवढ्यावर माझं शिक्षण संपलेलं. पण त्या दहा दिवसांत फोटोबाई जेवढी बोलायची तेवढी वर्षभरात बोलत नसे, त्यासाठी मी जायचे.

सहाव्या वर्षी गोष्ट वेगळी होती. तिचा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. पूर्ण आंधळा नव्हे, पण मधोमध डाग, कडेचं तेवढं दिसायचं. आता डाव्यातही तेच सुरू झालं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "पुढच्या वर्षी समुद्रावर जरूर जा, पण कॅमेरा घरी ठेवा." मी डॉक्टरशी भांडले. ही शांत. बाहेर पडल्यावर म्हणाली, "एक फोटो राहिलाय. अंड्यातून बाहेर येणाऱ्या पिल्लाचा. तेवढा मिळाला की माझं काही म्हणणं नाही."

म्हणजे ते दहा दिवस एवढ्या एका फोटोसाठी होते. आम्ही दर वर्षीच्याच दोन खाटांच्या खोलीत उतरलो. खिडकीला जाळी, पायपुसण्यावर वाळू, न्हाणीघरात सदा गळणारा नळ. खोल्यांची मालकीण चहा आणताना विचारायची, "सापडलं का पिल्लू?" आणि फोटोबाई मान हलवायची.

सातव्या दिवशी सापडलं. मिठागराच्या पलीकडे, भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत चिखल्याचं घरटं. चिखल्या म्हणजे मुठीएवढं वाळूच्या रंगाचं पाखरू, सारखं तुरुतुरु पळणारं. आणि घरटं कसलं, डोंबल! वाळूत टाचेनं दाबावा तेवढा खळगा, त्यात ठिपक्यांची तीन अंडी. एका अंड्याला आतून टोचा पडला होता. दुर्बिणीतून मला स्पष्ट दिसलं. कवचाला तारेसारख्या चिरा, मधे बारीक भोक, आणि त्या भोकात चोचीचं टोक हलत होतं. ते मी तिला सांगितलं तेव्हा तिनं माझं मनगट असं आवळलं की दोन दिवस वळ होता.

आता फोटोबाईचा एक नियम होता. घरट्यापाशी दहा मिनिटं. घड्याळात गजर लावायची, तो वाजला की कितीही चांगला फोटो समोर असो, उठायचं आणि लांब जायचं. माणूस बसलेलं असलं की आई घरट्यावर परतत नाही, म्हणून. कुणीतरी जाणत्यानं तिला ते पहिल्याच वर्षी शिकवलं होतं आणि ही शिस्तीची बाई, तिनं तो एकदाही मोडला नव्हता. गजर झाला. सकाळचे अकरा वाजून गेले होते. ती उठायला लागली.

मी तिला खाली बसवलं.

"अगं कुठे चाललीस? अर्ध्या तासात बाहेर येईल ते."

"आई खोळंबलीय. अंडी उघडी पडलीत."

"मग? ऊन बघ केवढं आहे! वाळू तापलीय. गार पडायला ती काय बर्फात ठेवलीत? उबेतलं मला शिकवू नकोस हं. एकतीस वर्षं तेच केलंय मी."

हे मात्र खरं होतं. दीड किलोची, किलोची बाळं मी जगवली होती. आमच्या खोलीत एकच मंत्र, बाळ गार पडता कामा नये. मोठमोठे डॉक्टर उबेच्या बाबतीत मला विचारायचे. तर या तीन अंड्यांची काय कथा! उलट मला वाटलं, आई बसली काय नि ऊन पडलं काय, काम तेच. फोटोबाईनं माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या कानाकडे बघितलं, तिला तसंच दिसायचं. मग म्हणाली, "तू म्हणतेस तर बसते." तिनं गजर बंद केला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी त्या दिवशी बघितला.

अर्धा तास झाला. डोकं तापायला लागलं, बाटलीतलं पाणी संपलं. मी गुडघे धरत उठले आणि मिठागराकडे गेले. तिथे एक बाई मीठ ओढत होती, बाजूला पिण्याच्या पाण्याचं पिंप भरलेलं होतं. तिनं न विचारता बाटली भरून दिली. मग म्हणाली, "तुम्ही त्या पाखरापाशी बसलाय ना मघापासून? उठा आता. घरट्यावर येऊ दे तिला."

मी ताडकन म्हटलं, "एवढ्या उन्हात काय गारठणारेत अंडी?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "गारठतील कशाला? शिजतील. दुपारची ती ऊब द्यायला बसते होय? सावली धरायला बसते. पाण्यात पोट भिजवून येते, अंड्यांना ओल लावायला. रोज बघतो आम्ही."

इतक्या वर्षांत एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, आणि सांगितली असती तरी मी ऐकली नसती. मी धावत निघाले. माझे गुडघे आणि धावणं! वाळूत एकदा पडले, बाटली तिथेच टाकली. पोचले, दुर्बीण लावली.

चोचीचं टोक भोकात होतं. हलत नव्हतं.

मी मनात शंभर मोजले. बाळाची छाती हलते का बघायला मोजायचे तसे. मग आणखी शंभर. काही नाही.

फोटोबाई कॅमेऱ्याला डोळा लावून पालथी पडली होती, कोपराला वाळू, घामानं झगा पाठीला चिकटलेला. माझी चाहूल लागताच म्हणाली, "आलीस? मला मघापासून नीट दिसत नाहीये गं. मधे सगळं राखाडी होतंय. हलतंय ना?"

आजपर्यंत मी कितीक आयांना तोंडावर सांगितलं होतं की बाळ गेलं. एकदाही जीभ अडखळली नाही. बोथट झाले होते म्हणा, किंवा कामच ते. पण इथे ही साठी उलटलेली बाई वाळूत पालथी पडलेली, एका अंड्यासाठी तिचा उरलासुरला डोळा पणाला लावून, आणि माझ्याच शब्दावर तिनं आपला नियम मोडलेला.

"हो," मी म्हटलं. "हलतंय. भोक मोठं होतंय. काढ तू."

तोवर तिनं एकही काढला नव्हता, आता ती फोटो काढत सुटली. खट्, खट्, खट्. मला विचारायची, "आता?" मी म्हणायचे, "आता चोच थोडी वर आली." विचारायची, "आता?" मी म्हणायचे, "दमलंय बहुतेक, विसावा घेतंय." आणखी वीस मिनिटं मी हे नाटक केलं. चाळीस फोटो झाले.

आता जे लिहिते ते लिहायला माझा हात वळत नाही. बाकीची दोन अंडी तोवर कदाचित जिवंत होती. मी जाऊन तेव्हाच "ऊठ" म्हटलं असतं तर कदाचित ती दोन वाचली असती. मला ते त्याच क्षणी कळत होतं, सिस्टर आहे मी, मला कळतं. पण ऊठ म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. मी सांगितलं नाही. माझ्या चुकीनं एक गेलं असेल, पण ती दोन माझ्या खोटेपणानं गेली.

आम्ही लांब गेल्यावर आई येऊन अंड्यांवर बसली. दुसऱ्या दिवशीही बसली होती. तिसऱ्या दिवशीही. फोटोबाई लांबूनच विचारायची, "पिल्लू दिसतं का?" मी म्हणायचे, "आईच्या पोटाखाली असणार, थोडंच दिसतंय!" खोल्यांच्या मालकिणीनं विचारलं तेव्हा फोटोबाई लहान पोरीसारखी हसली. "मिळालं! हिनं थांबवलं म्हणून मिळालं." मी चहा न पिता उठले. मला भाजलं म्हणून सांगितलं.

परत आलो. मी कानाला खडा लावला, या विषयावर बोलायचंच नाही. दर गुरुवारी तिच्याकडे जायचे, भाजी निवडून द्यायचे, पत्रं वाचून दाखवायचे. तिचा डोळा महिन्यामहिन्यानं विझत गेला. फोटोंचा विषय तीही काढत नसे. मला वाटलं, विसरली. बरं झालं.

पाचव्या महिन्यातल्या एका गुरुवारी मी गेले तर तिनं टीव्ही लावून ठेवला होता, कॅमेरा त्याला जोडलेला. पडद्यावर ते अंडं, परातीएवढं मोठं. ती खुर्ची तिरकी करून बसली होती, मान वळवून, डोळ्याच्या कडेनं बघत.

"बस," म्हणाली. आणि एकामागून एक चाळीसही फोटो दाखवले. एक शब्द न बोलता. संपल्यावर म्हणाली, "लहान मुलांचे फोटो मी कधी एका दमात काढू शकले नाही. त्यांना श्वास रोखा म्हटलेलं कळत नाही. दहातले नऊ हलायचे, पुसट यायचे. जिवंत पोराचा फोटो असाच येतो. यातला एकही हललेला नाही बघ. चाळीस काढले आणि चोच केसभर सरकली नाही."

मी भाजीची जुडी पुढ्यात ओढली.

"घरी आल्यावर आठ दिवसांतच कळलं मला. तेव्हा याहून बरं दिसत होतं. म्हटलं, तू सांगशील. पाच महिने वाट बघितली."

मग मी सगळं ओकले. मिठागरातली बाई, सावलीचं, दोनदा शंभर मोजलेले, बाकीची दोन अंडी. रडले. आणि रडता रडता तिच्यावरच डाफरले, "तुझ्यासाठीच केलं ना मेले! तुझा शेवटचा फोटो होता!"

"फोटो शेवटचा होता, पण बघणंही शेवटचंच होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "त्यानंतर मला नीट असं काहीच दिसलं नाही. तू सांगितलं असतंस तर मी कॅमेऱ्यातून डोळा काढला असता. त्या वेळी आई कुठे होती?"

"तिथेच. तुझ्या डाव्या हाताला. ओझरती दिसली मला. एक पंख मोडल्यासारखा वाळूत घासत फिरत होती. ओरडत होती."

"तसं करतात त्या. आपल्याला घरट्यापासून लांब न्यायला. मी पुस्तकात वाचलं होतं. कधी बघायला मिळालं नाही." तिनं खुर्ची सरळ केली. "म्हणजे ती माझ्यासमोर होती, आणि मी तुझ्या सांगण्यावरून त्या मेलेल्या जिवाकडे बघत होते."

मी म्हटलं, "चुकलं गं माझं."

तिनं ते ऐकलं की नाही, माहीत नाही. चाचपडत तिनं टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे तोंड केलं. या वेळी कानाकडे नव्हे, सरळ. म्हणजे तिला मी मुळीच दिसत नव्हते.

"किती जवळ आली होती ती माझ्या? हाताला लागली असती इतकी?"

सांगायला काय होतं? हो, अगदी हाताशी, तुझ्या कोपराला पंख लागला असता. एवढं म्हटलं असतं तर ती जन्मभर तेवढ्यावर राहिली असती. शब्द माझ्या ओठांवर आला होता.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मीही अंड्याकडेच बघत होते."