शकुंतलाबाईंचं रिकामं घमेलं

आमगावच्या अलीकडच्या एका गावात राहणाऱ्या शकुंतलाबाई बिसेन यांनी दोन गोष्टी आयुष्यात कधी केल्या नव्हत्या. कुणाला विचारून स्वयंपाक, आणि काम नसताना चालणं. साठीच्या उंबरठ्यावर दोन्हींची पाळी आली, ती रक्तातल्या साखरेमुळे.

साखर निघालीही भलत्याच्याच निमित्ताने. त्यांचे यजमान नंदलाल आमगावच्या दवाखान्यात गुडघा दाखवायला गेले होते. सोबत बसलेल्या बाई सारख्या पाणी पीत आहेत हे पाहून डॉक्टरांनी त्यांचंही रक्त घेतलं. नंदलालांच्या गुडघ्यात काही निघालं नाही. बाईंच्या रक्तात मात्र बरंच निघालं. डॉक्टर म्हणाले, भात कमी, गोड बंद, रोज सकाळी चालायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा यायचं. भात कमी करा हे ऐकून बाईंना हसू आलं. तीन वेळा भात खाणाऱ्या या मुलखात डॉक्टरांच्या टेबलाखालच्या डब्यातही भातच होता, ते त्यांनी आत शिरतानाच वासावरून ओळखलं होतं.

सून रुची सोबत होती. तिचं माहेर शहराला लागलेल्या फुलचूरचं, त्यामुळे बोलणं अर्धं हिंदी, आणि मोबाइलवर आहाराचे व्हिडिओ पाहायची सवय. घरी येताना तिने सुचवलं की काही दिवस स्वयंपाक मी पाहते. बाईंना ते लागलं. भाजीत तेल किती, कढी आंबट की गोडसर, बुडाची खरवड कुणाच्या ताटात, हे सगळं त्या घरात त्यांच्याच शब्दावर चालायचं. तेल चमच्याने मोजणाऱ्या पोरीच्या हाती ते राज्य देणं त्यांच्या कल्पनेपलीकडचं होतं.

“तीन महिन्यांत साखर उतरली नाही, त चूल तुही,” त्या म्हणाल्या. “मंग मीठ किती टाकलं, तेबी नाही इचारणार.”

“पक्का ना, मम्मी?” रुचीने विचारलं. नंदलाल साक्षीदार झाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई चालायला निघाल्या आणि अडचण लक्षात आली. पहाटे झपाझप चालणारी बाई दिसली, की गावात दोनच अर्थ निघतात: कुणीतरी गेलं, किंवा म्हैस सुटली. शेजारच्या दुर्पताने अंगणातूनच विचारलं, कोणाकडचं काही झालं का. पुढच्या वळणावर आणखी दोघांनी विचारलं. परतीच्या वाटेवर ओळखीच्या मोटरसायकलवाल्याने गाडी थांबवली. बसा म्हटल्यावर न बसणं उद्धटपणाचं, म्हणून बाई बसल्या. आठवडाभर त्यांचा व्यायाम जाताना पायी आणि येताना पेट्रोलवर झाला.

मग त्यांनी घमेलं उचललं. रिकामं घमेलं कमरेवर असलं की बाई कामाला निघालेली असते. कुणी काही विचारत नाही.

घमेलं फार दिवस रिकामं राहिलं नाही. मोहफुलांचा हंगाम सुरू झाला. धानाच्या बांधीच्या कडेला त्यांच्याच मालकीचं मोहाचं झाड होतं, आणि रात्री गळालेली फुलं पहाटे वेचायची असतात. चालायला कारण मिळालं, कारणाला वजन मिळालं. बाईंनी फुलं अंगणात वाळवली, भाजली, तिळासोबत कुटली आणि लाडू वळले.

त्यांचा हिशेब सरळ होता. साखर दुकानातून येते, गूळ उसातून येतो, हे तर झाडावरून पडतं. साखरेच्या डब्याला त्या हात लावत नव्हत्या. चहा बिनसाखरेचा घेत, तोही सर्वांना दिसेल असा ओसरीत बसून. त्या चहासोबत एक लाडू. चालून आल्यावर एक. दुपारी गळून गेल्यासारखं वाटलं तर अर्धा, आणि उरलेला अर्धा वाया जाऊ नये म्हणून तोही.

रुचीने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, यात साखरेचा एक दाणा नाही. हे खरं होतं. रुचीने मोबाइलवर पाहिलं, तिथे वजन घटवणाऱ्या बियांपासून मधुमेह पळवणाऱ्या काढ्यापर्यंत सगळं होतं, बाईंचा लाडू नव्हता. तिने स्वतः जवस आणि शेंगदाण्याचे लाडू केले, दोन-चार खारका घालून, सुपारीएवढे. बाईंनी एक चाखला आणि ही ढेप आहे असं जाहीर केलं. ढेप म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, तो गुरांना घालतात. उरलेला त्यांनी म्हशीला दिला, म्हशीने तो खाल्ला, आणि बाईंच्या मते विषय तिथे संपला.

तीन महिन्यांनी साखर वर गेलेली निघाली. डॉक्टरांना नवल वाटलं. रोज चालता, चहा बिनसाखरेचा, मग खाता काय? बाईंनी अभिमानाने लाडवांची कृती सांगितली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “बाई, मोहात साखर नसती, त त्याची दारू कायची झाली असती?”

या विषयात अधिकार असलेले नंदलाल पंख्याकडे पाहू लागले.

घरी येताच बाईंनी मसाल्याचा डबा रुचीपुढे ठेवला आणि शब्द पाळला. मिठाबद्दल विचारलं नाही. ताटात भात वाटीने मोजून यायला लागला, बाकी जागा भाजी, वरण आणि काकडीने भरली. दिवसाला जवसाचा एक लाडू. मोहाचे उरलेले नंदलालांनी संपवले.

बाईंना सकाळ खायला उठायची. घरात बसावं तर दुसरीच्या हातची फोडणी ऐकू यायची, आणि जिरं जळतंय हे इथूनच कळायचं. म्हणून त्या घराबाहेर राहू लागल्या. पूर्वी झाडापर्यंत जायच्या, आता पार दूरच्या सौंदडला निघाल्यासारख्या चालायच्या. दुर्पता सोबत यायला लागली, पाठोपाठ आणखी दोघी, प्रत्येकीच्या कमरेवर रिकामं घमेलं. मोटरसायकलवाल्यांचा प्रश्नही मिटला. चार बायका आणि चार घमेली एका गाडीवर मावत नाहीत.

धान कापणीला येईपर्यंत साखर उतरली. डॉक्टरांनी विचारलं, या वेळी काय केलं.

“रागानं चालली,” बाई म्हणाल्या.

रुची शब्दाची पक्की निघाली. त्याच संध्याकाळी तिने मसाल्याचा डबा आणून सासूपुढे ठेवला. “लो मम्मी. आता चूल तुमची.”

बाईंनी झाकण उघडलं. मोहरीच्या वाटीत जिरं होतं, जिऱ्याच्या वाटीत मोहरी. नंदलालांचा न्याहारीचा डबा, नातवंडांचं दूध, वरण, सगळं सकाळीच करावं लागतं, आणि सकाळी दुर्पता दारात उभी असते. त्यांनी झाकण लावलं आणि डबा परत सरकवला.

“ठेव तुह्यापाशी. सकाळी मले येळ नाही.”

रुची डबा उचलून आत निघाली. बाईंनी मागून हाक मारली.

“जिरं जळू देऊ नोको. आन एक ढेप दे.”