उद्या नावाचा लेफ्ट बॅक

त्याला नाव होतं, आईने हौसेने ठेवलेलं. पण आमच्या फुटबॉल अकादमीत त्याला सगळे ‘उद्या’ म्हणायचे. दुकानात पाटी असते ना, ‘आज रोख, उद्या उधार’, तीच आमच्या कोचसाहेबांच्या तोंडात बसवलेली होती. हा पोरगा बूट बांधून, मोजे गुडघ्यापर्यंत ओढून समोर उभा राहिला की ते पाठीवर थाप मारायचे. “आज नाही रे राजा, उद्या.” असा एक मोसम गेला, दुसरा गेला. पोरं कसली सोडतात! एक दिवस मैदानाच्या त्या टोकाहून कोणीतरी ओरडलं, “ए उद्या, पास दे!” आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तोही हसून वळला. तिथेच चुकलं त्याचं. चिडला असता तर कदाचित सुटला असता.

मी त्या क्लबचा सामानवाला. जर्सी, चड्ड्या, मोजे, जाळीच्या पिशव्या, चेंडू, सगळं माझ्या ताब्यात. बावीस वर्षांत तीन अध्यक्ष बदलले आणि कोच किती आले-गेले ते मोजायचं मी सोडून दिलं, पण माझ्या खोलीतून एक मोजा हरवला नाही. पोरं म्हणायची, “काकांच्या हातून जीव सुटेल, मोजा सुटणार नाही.” म्हणोत. प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला मी न पुसणाऱ्या शाईने आकडा घालायचो. त्याचा आकडा सदतीस. अकराव्या वर्षी आला तेव्हा सगळ्यात लहान मापाची जर्सीसुद्धा त्याच्या गुडघ्याला लागायची, आणि मी म्हटलं होतं, “तंबू ठोकलायस की काय रे?” 

पाय मात्र डावा, आणि असा डावा मी पुन्हा पाहिला नाही. कडेने धावताना चेंडू त्याच्यापासून वीतभरही लांब जायचा नाही. सरावात आमच्या मोठ्या संघातल्या बाप्यांना तो असा चकवायचा की ते कोचकडे बघायचे आणि कोच घड्याळाकडे बघायचे. मग सामन्याच्या दिवशी यादी लागायची आणि हा पुन्हा बाकावर. कारण सोपं होतं. डाव्या बाजूला अध्यक्षांच्या मेहुण्याचा मुलगा खेळायचा. तो वाईट नव्हता, त्याला दोष देत नाही मी. बेताचा होता, एवढंच.

उद्याची आई शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. नवरा पोरगं तीन वर्षांचं असतानाच गेलेला. दर सामन्याला ती यायची, फाटकाजवळच्या तिसऱ्या पायरीवर बसायची, आणि नव्वद मिनिटं मैदानाकडे न बघता बाकाकडे बघायची. कोणाची जर्सी उसवली असेल तर जाता जाता मला टाका घालून द्यायची. मला ‘भाऊ’ म्हणायची. मला सख्खी बहीण नाही, त्यामुळे ते ऐकायला बरं वाटायचं.

एकदा सामना संपल्यावर ती माझ्या खोलीत आली. पोरगा मांडणीमागे सरावाच्या जाकिटांच्या घड्या घालत होता, तिला दिसला नाही. मला तोंड उघडायची संधीच मिळाली नाही.

“भाऊ, खरं सांगा. पोरगं कामाचं नाही का? नसेल तर मी समजावते त्याला. परक्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलं तर कमी लागेल.”

“ताई, काहीतरीच काय! हिरा आहे तो.”

“मग हिरा बाकावर काय करतोय?”

मांडणीमागे घड्या घालायचा आवाज थांबला होता.

दुसऱ्याच दिवशी त्याने क्लब सोडायचा अर्ज दिला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. नदीपलीकडे एक छोटा क्लब होता, मैदानावर गवतापेक्षा खडे जास्त, पण त्यांच्या माणसाने सरावात याला पाहिलं होतं. ते म्हणाले होते, पहिल्या सामन्यापासून डावी बाजू तुझी. त्यासाठी आमच्या क्लबने त्याचं नाव सोडायला हवं होतं. आणि आमच्या लोकांना अचानक साक्षात्कार झाला की हा पोरगा म्हणजे क्लबचं भविष्य आहे, त्याला सोडायचं कसं! आपण खायचं नाही आणि दुसऱ्याला खाऊ द्यायचं नाही, दुसरं काय. पहिला अर्ज ‘हरवला’. दुसऱ्यावर ‘चर्चा करू’. तिसऱ्याला उत्तरच नाही. शेवटी त्याची आई काम बुडवून तीन दिवस ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसली. भांडली नाही, रडली नाही, नुसती बसली. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी दोन वाजता अध्यक्षसाहेबांनी वैतागून हो म्हटलं.

आमच्याकडे सोडून जाणाऱ्याला पाच सह्या घ्याव्या लागत. कोच, डॉक्टर, वसतिगृह, हिशेबनीस आणि सगळ्यात शेवटी मी, सामान जमा झालं म्हणून. चार सह्या त्याने तासाभरात घेतल्या. सव्वातीनला तो माझ्यासमोर उभा राहिला, धापा टाकत, हातात जाळीची पिशवी.

मी एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. तीन जर्सी, तीन चड्ड्या, दोन जाकिटं. मोजे पाच.

“सहा हवेत,” मी म्हटलं.

“काका, सगळं टाकलंय मी. सकाळी धुवायला दिले होते त्यातले...”

“मला शिकवू नकोस. जोडी म्हणजे जोडी.”

“आजच सही हवी होती, काका.”

आता जे झालं ते सांगतो. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? त्याच दिवशी सकाळी मेहुण्याच्या मुलाचा घोटा मुरगळला होता. टम्म सुजलेला पाय मी डोळ्यांनी पाहिला होता. शनिवारी सामना होता आणि डाव्या बाजूला उभं करायला क्लबात दुसरं कोणी नव्हतं. मी मनात म्हटलं, एक दिवस, फक्त एक दिवस हा थांबला तर उद्या खेळेल. एकदा खेळला की कोण याला बसवतंय आणि हा तरी कशाला जातोय! खरं सांगायचं तर तो जाऊ नये असं मला वाटत होतं. सहा वर्षं तो रोज दुपारी माझ्याबरोबर घड्या घालत बसायचा. माझ्या घरी कोणी नाही.

मी म्हटलं, “सहा वर्षं थांबलास, एक दिवस थांब. मोजा शोध आणि उद्या ये.”

शब्द तोंडातून गेला आणि माझा मलाच लागला. त्याने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या एखाद्या पोराने टेबलावर मूठ आपटली असती, आजची मुदत आहे म्हणून आरडाओरडा केला असता. पण याला आम्ही सगळ्यांनी मिळून सहा वर्षं एकच गोष्ट शिकवली होती, उद्या म्हटलं की मान हलवायची. त्याने मान हलवली आणि गेला.

साडेतीनला कपडे धुवायच्या मशीनच्या दाराच्या रबरी पट्टीत मोजा सापडला. आकडा सदतीस. पोरगा अजून वसतिगृहात खाटेखाली शोधत असणार, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मोजा पिळला आणि खिशात घातला.

शनिवारी सकाळी आठला तो दारात उभा. हातात नव्या मोज्यांची जोडी, दुकानातून आणलेली, अजून पुठ्ठ्याला अडकवलेली. “तो नाही सापडला, काका. हे चालतील का?” मी निमूट सही केली. तो पळतच गेला. दुपारी मोठा संघ मैदानावर उतरला तेव्हा डाव्या बाजूला कोचनी उजव्या बाजूचा एक गडी उभा केला होता. ‘जायला निघालेल्याला कशाला खेळवायचं,’ म्हणाले. आणि संध्याकाळी मला ऑफिसातल्या शिपायाकडून कळलं की या मोसमात क्लब बदलण्याची मुदत शुक्रवारी पाच वाजता संपली होती.

मोजा अजून माझ्या खिशातच होता.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं फार नाही. नदीपलीकडच्यांनी पंधरा दिवसांत दुसरा लेफ्ट बॅक घेतला. हा आमच्याकडेच राहिला, सगळा मोसम बाकावर. उन्हाळ्यात यादी लावली त्यात क्लबने त्याला आपणहून मोकळं केलं, पाचही सह्या अर्ध्या तासात. माझी तर मी उभ्या उभ्या केली. दोन-तीन ठिकाणी तो चाचणीला गेला, पण वर्षभर न खेळलेल्या पोराला कोण विचारतो? मग मामाच्या काचेच्या दुकानात लागला.

मी निवृत्त झालो त्याला दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात धीर करून त्या दुकानात गेलो. तो पाठमोरा होता, लांब टेबलावर काच आडवी, एका हाताने पट्टी दाबलेली, दुसऱ्या हातात कापायचं चाक. मी सवयीने हाक मारली, “उद्या!” मामाने चमकून वर पाहिलं, त्याला काही कळलं नाही. हा मात्र लगेच वळला. चोवीस वर्षांचा बाप्या, बोटांना चिकटपट्ट्या. “अरे, काका!” म्हणाला आणि असा हसला की मला परत फिरावंसं वाटलं.

फिरलो नाही. उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. मोजा कुठे सापडला, खिशात कसा घातला, का घातला. तो ऐकत होता. काचेवर चाकाने ओढलेली रेघ होती, तिच्यावरून तो अंगठा फिरवत राहिला.

“किती वाजता सापडला?” त्याने विचारलं.

“साडेतीनला.”

सह्यांचा कागद पाचच्या आत नदीपलीकडच्या क्लबात द्यायचा होता, आणि बस तिथे चाळीस मिनिटांत पोचते. ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

“मग वेळ होता,” तो म्हणाला.

आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोसलं असतं. मी माफी मागितली, काहीतरी पुटपुटलो, डोळे पुसले. त्याने काच टेबलाच्या कडेला सरकवून एका झटक्यात मोडली, रेघेबरहुकूम, आणि तुकडा भिंतीला टेकवून ठेवला.

“आईला यातलं काही सांगू नका,” तो म्हणाला. “तिला मी सांगितलंय, त्या दिवशी माझी बस चुकली म्हणून. बाकड्यावर तीन दिवस बसली होती ती. खूप बोलली मला. पण तुम्हाला अजून भाऊ म्हणते.”

मग मामाला सांगून त्याने माझ्यासाठी चहा मागवला आणि स्टूल पुसून पुढे केलं. मी बसलो. द्यायचा म्हणून आणलेला मोजा खिशात होता, तो मी बाहेर काढला नाही.